आबांचे खेटे आणि वखारीवरचा टॉवर

आमच्या पेठेत ज्याला मत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. पांढऱ्या रश्श्यात मिरं किती, कालच्या मॅचमध्ये रेफ्रीनं डोळे कुठं झाकले, गणपतीला बँजो कुठला सांगायचा, सगळ्याला मत. ते पण हळू आवाजात नाही. त्यामुळे लाकडाच्या जुन्या वखारीवर वीस-बावीस मजल्यांचा टॉवर होणार असा बोर्ड लागला, त्या संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी कमी आणि माणसं जास्त झाली.

आमच्या इथं संध्याकाळी म्हशी आणून बांधतात, समोरच धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला गरम गरम हातात देतात. माणूस दूध पितं एका दमात आणि मग बोलत राहतं तासभर. मी रोज आबांसाठी किटली घेऊन जाते. आबा म्हणजे माझे वडील. माझं सासर दोन गल्ल्या सोडून, पण आई गेल्यापासून माझा निम्मा दिवस माहेरीच जातो.

"उंच झालं म्हंजे मोठं झालं व्हय?" तालमीतले वस्ताद म्हणाले. मिशी दुधानं पांढरी झालेली, ती त्यांनी पुसलीसुद्धा नाही.

"वस्ताद, असं कसं? पोरं पुण्याला पळत्यात. हितं काय नवीन झालं तर थांबतील की," मिसळवाला म्हणाला. त्याचा स्वतःचा मुलगा पुण्याला. त्याचं चुकत होतं असं मला म्हणवेना.

"महापूर आला की समदी वर जाऊन बसू. फुकटात गच्ची!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. ज्यांच्या घरात पाणी आलं होतं ते जरा उशिरा हसले.

"ते ऱ्हाऊ द्या. वर दूध कोण पोचवणार? माजी म्हस लिफ्टमदी मावत न्हाय," दूधवाले मामा म्हणाले आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून पुढच्याला पेला दिला.

आमच्या शाळेत चित्रकला शिकवणारे सर होते, आता रिटायर्ड. ते एकटेच शांतपणे बोलले. म्हणाले, मी आयुष्यभर पोरांना ह्या गावाची आकृती काढायला लावली. खाली घरं, मधे देवळाची शिखरं, मागं डोंगरांची रेघ. आता त्या चित्रावर कोणीतरी फूटपट्टी उभी करून ठेवल्यागत दिसणार.

आमच्या ह्यांचं टाइल्सचं दुकान आहे. बावीस मजले म्हणजे बाथरूम किती, ह्याचा हिशोब त्यांनी बोर्ड बघतानाच केला असणार. ते टॉवरच्या बाजूनं. मी त्या दिवशी काही बोलले नाही अशी माझी समजूत आहे. हे म्हणतात, सगळ्यात जास्त तूच ओरडत होतीस, म्हस बिथरली.

बिथरू दे. मला कारण होतं.

आमच्या माहेरच्या घराची गच्ची फार मोठी नाही. आबा उद्यमनगरात फौंड्रीत होते, पै-पै साठवून त्यांनी तो स्लॅब टाकला. पण त्या गच्चीवरून वायव्येला तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला पन्हाळा दिसायचा, आडवा पसरलेला, आणि त्याच्या उजवीकडं एकटाच वर आलेला जोतिबाचा डोंगर. पावसाळ्यात दिवसचे दिवस दिसायचा नाही. दिवाळी झाली की असा स्वच्छ दिसायचा की हात लांब केला तर लागेल. लहानपणी आम्हाला दिशा कोणी शिकवल्या नाहीत. डोंगराकडं, देवळाकडं, रंकाळ्याकडं आणि स्टँडकडं, ह्या आमच्या चार दिशा.

माघ महिना लागला की कोल्हापुरातली माणसं रविवारी जोतिबाला चालत जातात. त्याला खेटे म्हणतात. देव इथली कामगिरी संपवून परत हिमालयाला निघाला होता, आणि अंबाबाई अनवाणी डोंगरावर जाऊन म्हणाली, जाऊ नको. म्हणून देव राहिला, असं सांगतात. तेव्हापासून गाव तसंच अनवाणी जातं. पहाटे पंचगंगेवरून निघायचं, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाशी यायचं आणि मग चढ. आबा माघातला एक रविवार चुकवायचे नाहीत. एका वर्षी फौंड्रीत पायावर तापलेला लोखंडाचा रस सांडून फोड आले होते, तरी चिंधी गुंडाळून गेलते. परत आले तेव्हा चिंधी कुठली आणि कातडी कुठली कळत नव्हतं. आईनं शिव्या घालत घालत हळद लावली.

आई खेट्याला जात नसे. म्हातारी सासू, आम्ही पोरं, घर कोण बघणार? पण आबांबरोबर उपास तीही धरायची. आणि त्या दोघांचा एक ठराव होता. चढ संपत आला की एका वळणावरून मागं वळून कोल्हापूर दिसतं. आबा तिथं थांबायचे आणि गावाकडं बघायचे. इकडं शेजारच्या भिंतीवरून ऊन उतरून आमच्या टाकीवर आलं की आई हातातलं काम टाकून गच्चीवर जायची. तेव्हा सिमेंटची टाकी होती. त्या टाकीजवळच्या कोपऱ्यात डोंगराकडं तोंड करून उभी राहायची आणि एकदाच हात वर करायची. झालं. मग खाली येऊन दूध-भाकरी खायची. आबा तिकडं वर देवाला गुलाल-खोबरं उधळून उपास सोडायचे.

आता इतक्या लांबून माणूस दिसतंय होय? गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पण आबा संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या, पाय धुवायच्या आधी, केसातला गुलाल तसाच, आईला म्हणायचे,

"दिसलीस की!"

"व्हय, दिसतीया! मोठं घारीचं डोळं लागून गेलं तुमास्नी," आई म्हणायची आणि पाण्याची बादली पुढं ढकलायची.

दर रविवारी हेच. शब्दसुद्धा बदलायचा नाही. मी एकदा आईला विचारलं, खरंच दिसतेस का गं त्यांना? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "न्हाय गं, कशाची दिसतीया? पर म्हंत्यात ते बरं वाटतं कानाला." एवढं बोलून ती लाजली आणि भाकरी जरा करपली. माझ्या आईला लाजताना मी तेवढंच पाहिलं. आता कोणी विचारलं, तुझी आई दिसायला कशी होती, तर मला तीच आठवते, चुलीपुढं बसलेली, करपलेल्या भाकरीवर फुंकर घालणारी.

आई गेली त्याच वर्षी आबांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ बंद केला, उपासही बंद करा म्हणाले, साखर आहे. चढ बंद केला आबांनी. उपासाचं त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं. फौंड्रीनं त्यांचे कान निम्मे खाल्लेत, त्याचा ते असा सोयीनं उपयोग करतात. मग त्यांनी गच्चीवरचे खेटे सुरू केले. माघातल्या रविवारी सकाळी आंघोळ करून अनवाणी वर जायचे. भिंतीला धरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, दम लागला की थांबायचे, पुन्हा चालायचे. ऊन टाकीवर आलं की टाकीजवळच्या कोपऱ्यात डोंगराकडं तोंड करून उभे राहायचे, एकदा हात वर करायचे, "चांगभलं" म्हणायचे आणि खाली येऊन दूध-भाकरी खायचे. मला वाटायचं, हात वर करतात तो देवाला. बरी वाटायची ती भक्ती. मी खाली भाकरी टाकायला घ्यायची.

आणि नेमका त्या कोपऱ्याच्या समोर टॉवर वर यायला लागला.

हाकेच्या अंतरावर वखार. पहिल्या वर्षी नुसता खड्डा आणि धूळ. दुसऱ्या माघात पन्हाळा गेला, जोतिबाचा शेंडा मात्र राहिला होता, क्रेनच्या बाजूला. आबा टाचा उंच करून बघायचे. "हाय की अजून," म्हणायचे. मी दिवाळीनंतर रोज मजले मोजत होते आणि रोज त्या बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. यंदाच्या माघाचा पहिला रविवार उजाडला तेव्हा डोंगर नव्हता. हिरव्या जाळीनं झाकलेले मजले, त्यावर मजले, त्यावर आभाळ.

त्या दिवशी आबा गच्चीवरून खाली आलेच नाहीत. ऊन टाकीवर आलं, टाकीवरून उतरलं, गच्चीभर झालं. मी भाकरी झाकून वर गेले. ते कोपऱ्यात उभेच. कधी डावीकडं वाकून बघत होते, कधी उजवीकडं.

"आबा, चला आता. देवाला कळतंय की."

"दिसला न्हाय गं," ते म्हणाले. एवढंच.

खाली आले, पण जेवले नाहीत. दूध दिलं, ओठाला लावलं नाही. संध्याकाळी जिन्यात त्यांना घेरी आली, आमच्या ह्यांनी धरलं म्हणून बरं. सोमवारी सकाळी चहात बुडवून एक बटर खाल्ला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. साखरेचं माणूस, ऐंशीच्या घरातलं वय, आणि माघातले रविवार अजून बाकी होते. डोंगर दिसल्याशिवाय ते खाणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. माझ्याच बापाला मी ओळखणार नाही?

मग मी पेठ उठवली. अगदी खरं सांगते, मला बरंच वाटत होतं ते करताना. वस्ताद आले, चित्रकलेचे सर आले, दूधवाले मामा धार लवकर आटोपून आले. तालमीत बैठक ठरली आणि साइटच्या इंजिनिअरला निरोप धाडला. कोट-टाय घालून कोणीतरी येईल असं वाटलं होतं. आला एक पन्नाशीचा माणूस, बुटाला सिमेंट लागलेलं, आणि बोलायला लागला तर तालमीचे पत्रे हलले. कबनूरचा होता. घरात यंत्रमाग, लहानपणापासून खडखडाटात ओरडूनच बोलायची सवय.

ज्याला त्याला बोलायचं होतं. वस्ताद म्हणाले, देवळाच्या शिखरापेक्षा उंच राहणं बरं दिसत नाही. मिसळवाला म्हणाला, शिखरं उंच म्हणून देव मोठा आहे का? चित्रकलेच्या सरांनी फूटपट्टी पुन्हा उभी केली. आमचे हे म्हणाले, गाव वाढलं पाहिजे, आणि माझ्याकडं बघून खाली बसले. इंजिनिअर म्हणाला, "पावणं, मी परवानगी देणारा न्हवं, मी बांधणारा. आता बावीस मजलं उतरवून ठिवू काय बाजूला?" एकच गलका उडाला.

मग मी उभी राहिले. म्हटलं, तुमची सगळ्यांची मतं ठेवा तुमच्यापाशी. माझा बाप उपाशी मरायला लागलाय. आणि सगळं सांगितलं. खेटे, गच्ची, पहिला रविवार, घेरी. बायकांनी डोळे पुसले. मी आबांकडं हात केला आणि म्हटलं, विचारा त्यांनाच, काय वाटतं ह्या टॉवरबद्दल!

आबा भिंतीला टेकून बसले होते, हातात चहा. त्यांनी कप खाली ठेवला आणि इंजिनिअरला विचारलं,

"वरनं दिसतो काय डोंगर?"

"दिसतो की! नाद खुळा! जोतिबा, पन्हाळा, समदं!" इंजिनिअर ओरडला.

"मग मला न्ह्या की वर," आबा म्हणाले.

सगळी तालीम हसली. आता गं बया! मी त्यांच्यासाठी पेठ गोळा केली, घसा फोडून भांडले, आणि ह्या माणसानं भर बैठकीत लिफ्ट मागितली. घरी येताना मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र खुशीत. "शाना माणूस हाय तो," म्हणाले. "नीट बोलतो. बाकीची समदी पुटपुटत्यात."

दुसऱ्या रविवारी आबा घरातूनच अनवाणी निघाले. डोक्यावर टोपी, खिशात गुलाल-खोबऱ्याची पुडी. ती हाकेची वाट चालायला त्यांना बराच वेळ लागला, माझ्या खांद्यावर हात, दर खांबाशी विसावा. गल्ली दारात येऊन उभी होती. साइटच्या फाटकाशी इंजिनिअरनं हेल्मेट आणि बूट पुढं केले.

"खेट्याला पायताण?" आबा म्हणाले.

"आबा, खिळं असत्यात! तारा असत्यात! नियम हाय!"

"मग मी जातो घरला."

आणि खरंच वळले. मी कपाळावर हात मारला. पण तो कबनूरचा माणूस म्हणजे काय विचारता! त्यानं चार कामगारांना हाक मारली. त्यांनी फाटकापासून लिफ्टपर्यंत रस्ता झाडला, वाकून वाकून खिळे वेचले आणि सिमेंटची रिकामी पोती ओळीनं अंथरली. आबा त्यावरून चालले. लग्नातल्या पायघड्यांवरून माझा नवराही इतक्या तोऱ्यात चालला नव्हता. हेल्मेट त्यांनी घातलं, पण टोपीवरून. टोपी काढणार नाही म्हणाले.

वर गेलो. भिंती झाल्या होत्या, नुकता पांढरा रंग दिलेला. वारा असा की पदर जागेवर राहीना. इंजिनिअरनं बोट दाखवलं, आणि अगं बाई! अख्खा डोंगर. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत, देवळापाशी चढत गेलेली घरंसुद्धा. आमच्या गच्चीवरून असा कधीच दिसला नव्हता. आबांचे डोळे भरून आले. माझेपण. त्यांनी पुडी सोडली आणि "चांगभलं!" म्हणून मूठ उधळली. वाऱ्यानं सगळा गुलाल होता तसा परत आणला. इंजिनिअर गुलाबी झाला, मी गुलाबी झाले, मागची पांढरी भिंत तर पार रंगली. इंजिनिअरनं भिंतीकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि म्हणाला, "असू द्या. दुसरा हात मारायचाच हाय."

मग आबा वळले. गावाकडं. देवळाची शिखरं खाली होती, तालमीचा झेंडा, दूधकट्ट्याची रिकामी जागा. पत्र्यांच्या आणि टाक्यांच्या त्या गर्दीत बराच वेळ शोधत राहिले.

"आपली गच्ची कंची गं?"

मी दाखवली. पिंपळाच्या अलीकडं, काळी टाकी. अगदी स्वच्छ दिसत होती. दोरीवरचा माझा गाऊनसुद्धा दिसत होता, मेला. आबा बघत राहिले. आभाळ, वारा, डोंगर सगळं सोडून ते तेवढ्या तुकड्याकडं बघत राहिले.

घरी आलो. मी पळत जाऊन भाकरी टाकली, दूध तापवलं, ताट पुढं ठेवलं. आबांनी ताट बाजूला सारलं.

"भूक न्हाय."

आता माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आबा, डोंगर दिसला ना? देव दिसला ना? सगळी पेठ वेठीला धरली तुमच्यापायी, त्या बिचाऱ्याची भिंत रंगवलीत, आणि आता काय पायजे तुम्हाला? मला पण उपाशी मारणार आहात का?"

ते काही रागावले नाहीत. पायाचा तळवा चोळत बसले होते, सिमेंट लागलेला.

"डोंगर दिसला गं. लई चांगला दिसला," ते म्हणाले. "पर मी डोंगर बगून कदी उपास सोडला? त्या वळणावर थांबायचो, तुजी आई गच्चीवर हात करायची, मग मी वर जाऊन सोडायचो. ती गेल्यावर मी हितं तिच्या जागंवर उभा ऱ्हायलो. वळणाकडं बगायचो आन तिच्यावानी हात करायचो. म्हंजे तिकडं मी हाय आन हिकडं ती, असं व्हायचं. आज मी त्या बाजूला गेलो. वळून बगितलं. गच्चीवर कोण न्हवतं."

मी तिथंच खाली बसले. इतकी वर्षं मी खाली भाकरी थापत होते आणि वर माझा बाप माझ्या आईसाठी हात वर करत होता. मला रडू आवरेना. आबांनीच मग मला पाणी दिलं.

आठवडाभर कट्ट्यावर भिंतीच्या गुलालाचीच चर्चा. वस्ताद म्हणाले, बरी झाली, आता ती बिल्डिंग आपल्या गावची दिसतेय. मिसळवाला म्हणाला, सगळ्यांनाच वर सोडायला पाहिजे माघात. इंजिनिअर दूध प्यायला आला होता, त्याला सगळ्यांनी घेरलं. तो पहिल्यांदाच हळू बोलला. म्हणाला, अजून एक रविवार जमवतो. मग काचा बसतील, माणसं राहायला येतील, वर कुलूप लागेल, तेव्हा माझ्या हातात काही नाही. मी म्हटलं, एक तर एक.

तिसऱ्या रविवारी आबांना घेऊन आमचे हे गेले. जावई आधार द्यायला तयार झाला ह्याचंच गल्लीला कौतुक. मी उपास धरला होता. आंघोळ करून आईची पिवळी साडी नेसले, जरीचे काठ उसवलेली, आणि गच्चीवर गेले. टाकीत पाणी आलंय का बघितलं, कपडे वाळत घातले, पुन्हा काढले, दोरी रिकामी केली. ऊन शेजारच्या भिंतीवरून उतरत होतं. असं एकटीनं उन्हाची वाट बघत आई दर रविवारी उभी राहायची, हे मला आजवर कधी सुचलंच नव्हतं. तिला काय वाटत असेल? पायांना चटका बसत असेल का? खाली दूध उतू जाईल म्हणून जीव वर-खाली होत असेल का?

ऊन टाकीवर आलं. मी टाकीजवळच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि समोर बघितलं. समोर तो टॉवर. हिरवी जाळी आता निघाली होती. मला तो अजून आवडत नाही. मरेपर्यंत आवडणार नाही, माझा डोंगर खाल्लाय त्यानं. पण त्या दिवशी मी त्याच्या शेंड्याकडं असं बघत होते की कोणाला वाटावं मी नवस बोलतेय. वर काही दिसत नव्हतं. भिंतींवरच्या उन्हानं डोळे दिपत होते, सगळ्या खिडक्या सारख्याच काळ्या. माणूस तर नाहीच.

तरी मी हात वर केला. एकदाच. खाली आले आणि भाकरी टाकायला घेतली.

बऱ्याच वेळानं ते दोघं आले. आबांच्या केसात गुलाल, कानात गुलाल. आमच्या ह्यांच्या पांढऱ्या शर्टाचं तर विचारूच नका. आबा उंबऱ्याच्या आत आले, भिंतीला धरून उभे राहिले, पाय धुवायच्या आधी माझ्याकडं बघून म्हणाले,

"दिसलीस की!"

माझं तोंड माझ्या आधी बोललं. म्हटलं, "व्हय, दिसतीया! मोठं घारीचं डोळं लागून गेलं तुमास्नी." आणि बादली पुढं ढकलली.

आबा हसले. पाय धुतले, पाटावर बसले, ताट पुढं ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडून दुधात बुडवला. पहिला घास गिळून म्हणाले,

"टाकीचं झाकण उगडं ठिवलंयस. लावून ये."

मी हात पुसले आणि वर गेले. टाकीचं झाकण खरंच उघडं होतं.